राउटरच्या खोक्यावर तारीख छापा

घरगुती राउटरमध्ये मोठी त्रुटी सापडल्याची बातमी आली की तिच्या शेवटी सल्ल्यांची चौकट ठरलेली असते. पासवर्ड बदला, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट करा, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद ठेवा, डब्ल्यूपीएस ही पासवर्डाऐवजी पिननं वाय-फाय जोडण्याची सोय बंद करा. सल्ले चुकीचे नसतात. मीही ओळखीच्या लोकांना हेच सांगतो. पण त्या चौकटीतलं प्रत्येक वाक्य वापरणाऱ्याला उद्देशून असतं. यंत्र ज्यानं बनवलं, ज्यानं त्यावर आपलं नाव छापून विकलं, ज्यानं ते इंटरनेटच्या जोडणीबरोबर घरात आणून बसवलं, त्यांच्यासाठी तिथे एकही ओळ नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तो थांबायला हवा असं मला मनापासून वाटतं.

राउटर सुरक्षित ठेवणं ही उत्पादकाची कायदेशीर जबाबदारी असली पाहिजे. ती तो किती वर्षं निभावणार, हे गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी खोक्यावर वाचता आलं पाहिजे. आणि मुदत संपल्यावर त्या यंत्राचं पुढे काय, याचं उत्तरही त्यानंच दिलं पाहिजे.

राउटर म्हणजे एक छोटा संगणक. आत प्रोसेसर, मेमरी आणि बहुतेक वेळा लिनक्स ही खुली कार्यप्रणाली. पडदा नाही, कीबोर्ड नाही, चार-पाच दिवे तेवढे. घरातल्या प्रत्येक मोबाइलचा, टीव्हीचा, कॅमेऱ्याचा इंटरनेटशी चालणारा व्यवहार त्याच्यातून जातो. कुठलं संकेतस्थळ कोणत्या पत्त्यावर आहे, हे घरातली उपकरणं त्यालाच विचारतात. त्याची एक बाजू थेट खुल्या इंटरनेटला लागलेली असते आणि ते रात्रंदिवस चालू असतं. मोबाइल अपडेटसाठी मागे लागतो, लॅपटॉपही लागतो. राउटर काहीच बोलत नाही. इंटरनेट चालतंय तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि आत कुणी घुसलं तरी इंटरनेट चालूच राहतं. घुसणाऱ्यालाही ते चालूच हवं असतं.

आता एखाद्या सात-आठ वर्षं जुन्या राउटरचं नियंत्रण पान उघडून बघा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकायचं, राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या लेबलवरचा पासवर्ड द्यायचा आणि तीन-चार मेनूंच्या आत दडलेलं फर्मवेअर अपग्रेडचं पान शोधायचं. तिथे फर्मवेअरचा एक लांबलचक क्रमांक असतो. त्याच्या शेपटीला बहुतेकदा एक तारीख असते, ती काही वर्षांपूर्वीची. शेजारी ‘नवीन आवृत्ती तपासा’ असं बटण. ते दाबलं की यंत्र कंपनीच्या सर्व्हरला विचारून येतं आणि सांगतं, तुमचं फर्मवेअर अद्ययावत आहे. हे उत्तर अक्षरशः खरं असतं. कंपनीनं या मॉडेलसाठी शेवटचं फर्मवेअर काढलं ते हेच. पुढे तिनं त्यावरचं काम थांबवलं, म्हणून याहून नवं काही नाही. मधल्या काळात त्याच मॉडेलमधल्या गंभीर त्रुटी जाहीर झालेल्या असू शकतात, त्यांचा फायदा घेणारे तयार प्रोग्राम इंटरनेटवर फिरत असू शकतात. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही. त्यानं सल्ल्याच्या चौकटीत सांगितलेलं सगळं इमानेइतबारे केलेलं असतं आणि तो निर्धास्त होऊन पान बंद करतो.

त्याच पानावर ‘या मॉडेलचा सपोर्ट अमुक तारखेला संपला आहे’ एवढं लिहायला किती कष्ट पडतात? एका ओळीचं काम आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या आयोगानं राउटर बनवणाऱ्या आसूस कंपनीवर जी कारवाई केली, तिचा निकाल २०१६ मध्ये लागला. त्यात कंपनीनं पुढची २० वर्षं सुरक्षेची स्वतंत्र तपासणी करून घेण्याचं कबूल केलं. आयोगाच्या तक्रारीनुसार राउटरमधल्या त्रुटींमुळे १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या राउटरला जोडलेल्या साठवणीपर्यंत परक्यांचे हात पोचले होते. मला त्या आदेशातला आणखी एक भाग महत्त्वाचा वाटतो. उत्पादनातलं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे की नाही, याबाबत ग्राहकाची दिशाभूल करायची नाही, असं त्यात स्पष्ट बजावलेलं आहे. नव्या आवृत्त्या निघालेल्या असतानाही तपासणीचं बटण लोकांना सगळं ठीक आहे म्हणून सांगत होतं, हा आयोगाच्या आक्षेपांपैकी एक होता. म्हणजे या बटणाचा प्रश्न मी काही हवेतून काढलेला नाही.

औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, कारण गोळीकडे पाहून ती निकामी झाली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. राउटरचंही तसंच आहे. दिवे तेच, वेग तोच, आणि आतून तो धोक्याचा झालेला.

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या एका विभागानं २०२० मध्ये सात उत्पादकांच्या १२७ घरगुती राउटरांचं फर्मवेअर तपासलं. त्रुटी नाही असा एकही निघाला नाही. ४६ राउटरांना आधीच्या वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळालेलं नव्हतं. आणि लिनक्सवर चालणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक राउटरांत लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, २.६.३६ किंवा त्याहून जुना होता, ज्याला शेवटची सुरक्षा दुरुस्ती फेब्रुवारी २०११ मध्ये मिळाली होती. नऊ वर्षांपूर्वी सोडून दिलेला गाभा, आणि तो बाजारातल्या राउटरांत.

असं का होतं, हे समजून घेतलं तर वापरणाऱ्याला दोष देण्यातला अन्याय आणखी ठळक होतो. खोक्यावर ज्या कंपनीचं नाव असतं तिनं आतलं सगळं लिहिलेलं नसतं. वाय-फायची चिप एका कंपनीची. तिच्याबरोबर येणारा सॉफ्टवेअरचा संच एखाद्या ठरावीक जुन्या लिनक्सवर बेतलेला. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायची चिप चालवणारा प्रोग्राम, बंद स्वरूपात दिलेला, म्हणजे त्याचा मूळ कोड राउटर कंपनीच्या हातात नाही. गाभा बदलायचा तर ड्रायव्हर चालत नाही. ड्रायव्हर नवा हवा तर चिपवाल्यानं द्यायला हवा. आणि चिपवाल्याचं लक्ष तोवर पुढच्या चिपवर गेलेलं असतं. नियंत्रण पानाचा वेब सर्व्हर तिसऱ्याचाच. प्रत्यक्ष जुळणी चौथ्याच्या कारखान्यात. शिवाय एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिपच निराळी असते. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत व्ही१, व्ही२, व्ही३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. चुकीच्या आवृत्तीचं फर्मवेअर चढवलं तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. अशा यंत्राबद्दल घरातल्या माणसाला ‘फर्मवेअर अपडेट करत चला’ म्हणून सांगणं आणि आपलं काम झालं असं समजणं, हे मला पटत नाही.

या साखळीचा सगळ्यात बोलका नमुना २०१४ च्या डिसेंबरमध्ये चेक पॉइंट या संगणक सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केला. रॉमपेजर नावाचा एक छोटा वेब सर्व्हर असंख्य राउटरांत वापरलेला होता. त्यात अशी त्रुटी होती की बाहेरून खास तयार केलेली एक कुकी, म्हणजे ब्राउझर पाठवतो तशी छोटी नोंद, पाठवली की राउटरचा ताबा मिळे. किमान १ कोटी २० लाख उपकरणं त्या घडीला इंटरनेटवर तशीच उघडी होती, १८९ देशांत. रॉमपेजर बनवणाऱ्या कंपनीनं मात्र ही त्रुटी २००५ मध्येच दुरुस्त केली होती. दुरुस्त आवृत्ती नऊ वर्षं तयार होती, आणि उपकरणं बनवणारे जुनीच आवृत्ती भरून नवे राउटर विकत होते. या नऊ वर्षांत गिऱ्हाइकानं नेमकं काय करायला हवं होतं? पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण पासवर्ड विचारला जाण्याआधीच काम होत होतं.

२०२१ मध्ये पुन्हा तेच. टेनेबल या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाला आर्केडियन या उत्पादकाच्या फर्मवेअरमध्ये एक त्रुटी सापडली. पत्त्यात थोडी चलाखी केली की लॉगिनचं पान चुकवून आत जाता येई. ती दहा वर्षांहून अधिक काळ तिथे होती आणि १७ वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या किमान २० मॉडेलांत पसरलेली होती. दुकानात गिऱ्हाईक या कंपनीचा घेऊ की त्या कंपनीचा, असा विचार करत असताना दोन्ही खोक्यांत आतून एकच भोक असण्याची शक्यता होती. ती त्रुटी जाहीर झाल्यावर काही दिवसांतच तिचा वापर करून हल्ले सुरू झाले. ‘लोकांनी चांगल्या कंपनीचा राउटर घ्यावा, बाजार आपोआप सुधारेल’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. जे दिसतच नाही त्याची निवड कशी करणार?

काही दारं तर बनवतानाच ठेवलेली असतात. २०१३ मध्ये डी-लिंकच्या काही जुन्या राउटरांच्या फर्मवेअरची चिरफाड करताना एका संशोधकाला असं दिसलं, की ब्राउझरनं स्वतःची ओळख एका ठरावीक अक्षरमालेनं करून दिली तर पासवर्ड न विचारता नियंत्रण पान उघडतं. ती अक्षरमाला उलटी वाचली की तिच्यात ‘बॅकडोअर’ हा शब्द सरळ दिसतो. त्याच सुमारास लिंकसिस, नेटगिअर अशा नावांनी विकल्या गेलेल्या आणि सरकॉम या कंपनीनं बनवलेल्या अनेक राउटरांत ३२७६४ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे बाहेरचे संदेश घेणाऱ्या एका क्रमांकित दारावर, एक लपलेली सेवा सापडली. तिला विचारलं की ती पासवर्डसकट सगळी माहिती देऊन टाकत असे. बोभाटा झाला, दुरुस्ती आली. पण ज्या संशोधकानं हे शोधलं होतं त्यानंच २०१४ च्या एप्रिलमध्ये दुरुस्त फर्मवेअर उघडून पाहिलं, तर सेवा काढलेली नव्हतीच. विशिष्ट रचनेचा एक संदेश मिळाला की ती पुन्हा जागी होत होती. हे निष्काळजीपणाच्या पलीकडचं आहे, आणि याचं खापर गिऱ्हाइकाच्या कमकुवत पासवर्डवर फोडता येत नाही.

डब्ल्यूपीएसचं उदाहरण थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण त्यातलं गणित शाळकरी मुलालाही कळेल. लांबलचक पासवर्ड टाकायचा त्रास वाचावा म्हणून राउटरवर आठ अंकी पिनची सोय दिली गेली. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता, असं कुणालाही वाटेल. पण शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरणारा पडताळणीचा अंक असतो, म्हणजे उरल्या एक कोटी. त्यातही राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार अंक चुकले की तिथेच तसं कळवून टाकतो. त्यामुळे पहिल्या तुकड्यासाठी जास्तीत जास्त १०,००० प्रयत्न, दुसऱ्या तुकड्यातल्या तीन अंकांसाठी १,०००, एकूण ११,०००. काही तासांचं काम. २०११ च्या अखेरीस हे जाहीर झालं तेव्हा ही सोय बहुतेक राउटरांत कारखान्यातूनच चालू होऊन येत होती. वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवणारा दक्ष माणूसही या बाजूच्या खिडकीनं तितकाच उघडा पडला होता. वाय-फायच्या मूळ सुरक्षेतही अशी छिद्रं निघाली आहेत, ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीत सापडलेली ‘क्रॅक’ नावाची त्रुटी ही त्यातली सर्वांत गाजलेली. पण तिथे निदान अनेक उत्पादकांनी एकत्र येऊन बऱ्यापैकी लवकर दुरुस्त्या काढल्या. ठरवलं तर जमतं, एवढं त्यातून दिसतं.

यावर नेहमी ऐकू येणारं म्हणणं असं की माझ्या राउटरमध्ये चोरण्यासारखं आहेच काय? याला दोन उत्तरं आहेत.

पहिलं घरापुरतं. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेमांतली डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता कुणाला विचारायचा याची, नोंद बदलली गेली. माणूस पत्ता बरोबर टाकत होता आणि पोचत होता गुन्हेगारांच्या पानावर. संगणकात व्हायरस नव्हता, कारण घोळ राउटरच्या पातळीवर होता. संगणक कितीही तपासला तरी काही सापडणार नव्हतं. २०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेतल्या एकाच इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे ६ लाखांहून अधिक राउटर ७२ तासांत मेले. फर्मवेअरच उद्ध्वस्त झाल्यामुळे ते दुरुस्तही होण्यासारखे राहिले नव्हते, यंत्रंच बदलावी लागली. इतक्या घरांचं काम, शिक्षण, तातडीचा संपर्क, सगळं एका झटक्यात बंद.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या राउटरमध्ये शिरणाऱ्याला तुमच्यात रस असतोच असं नाही. त्याला तुमची जोडणी हवी असते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामनं जेमतेम साठेक ठरीव नावं-पासवर्डांच्या जोड्या वापरून कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राउटर यांची फौज उभी केली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेनं डिन या डीएनएस कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशी संकेतस्थळं कित्येक तास लोकांना मिळेनाशी झाली. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत आढळला. तो येणारी-जाणारी माहिती वाचू शकत होता आणि आदेश आला की यंत्र निकामीही करू शकत होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या तपासयंत्रणांनी एनीप्रॉक्सी आणि फाइव्हसॉक्स या सेवा बंद पाडल्या. सपोर्ट संपलेल्या राउटरांत घुसून त्यांची जोडणी भाड्यानं द्यायची, असा तो धंदा होता. भाड्यानं घेणाऱ्यानं कुणाला फसवलं, कुणाच्या खात्यात घुसला, तर माग निघतो तो एका बेखबर घराच्या आयपी पत्त्याचा. पोलिसांना द्यायचं उत्तर त्या घराला सुचणारच नाही, कारण त्याला काही माहीतच नसतं.

म्हणजे नुकसान तिसऱ्याचं, फायदा चौथ्याचा, विकणारा कधीच बाजूला झालेला, आणि ज्याच्या घरात यंत्र आहे त्याला काहीच जाणवत नाही. ज्याला जाणवत नाही तो चांगल्या राउटरसाठी जास्त पैसे मोजत नाही, आणि कुणी मोजत नाही म्हणून कुणी बनवत नाही. बाजारावर सोडून हा गुंता सुटणार नाही. सांडपाण्याचा प्रश्न कुठल्याही समाजानं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेला नाही, तो याच कारणानं.

राउटर असे वाऱ्यावर सोडले गेले की शेवटी सरकार आत येतं, आणि हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं जाहीर केलं, की चीनच्या सरकारशी संबंधित व्होल्ट टायफून या गटानं वापरलेल्या शेकडो राउटरांतून न्यायालयाच्या परवानगीनं घातक प्रोग्राम काढून टाकण्यात आला. ते राउटर घरांतले आणि छोट्या कार्यालयांतले होते, बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे, उत्पादकांनी अपडेट देणं बंद केलेले. कारवाई मालकांना आधी न कळवता झाली. तशी मुभा न्यायालयानं दिली होती. त्या गटाचा रोख पाणी, वीज, दळणवळण यांसारख्या व्यवस्थांवर असल्यामुळे ती करणं भाग होतं, हे मला मान्य आहे. तरीही त्यातून काय साधलं ते पाहा. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की केलेला बंदोबस्त पुसला जाणार होता आणि राउटर पुन्हा तसाच उघडा पडणार होता, हे न्याय खात्यानंच सांगितलं. मूळ भोक बुजवणं तपासयंत्रणेच्या हातात नव्हतं. ते ज्याच्या हातात होतं त्यानं मॉडेल बंद केलं होतं. एका कंपनीनं पाच-सात वर्षांनी हात झटकले म्हणून पोलिसांना लोकांच्या घरातल्या यंत्रांत शिरावं लागणं, हे कुठल्याही लोकशाहीत रुळायला नको. आज कारण योग्य आहे, न्यायालय मध्ये आहे. उद्या ही वाट सवयीची झाली तर तिच्यावर पहारा कोण ठेवणार?

कायद्यानं काय करता येतं याचे नमुने आता समोर आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना सगळ्यांत सारखाच असलेला पासवर्ड चालत नाही. एकतर प्रत्येकाचा वेगळा हवा किंवा पहिल्या वापरालाच बदलायला लावणारा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तशीच बंदी आहे. शिवाय सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकानं जाहीर करणं आणि त्रुटी कळवण्यासाठी संपर्क देणं बंधनकारक आहे. दंड १ कोटी पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत. ब्रिटनच्या कायद्यातली उणीव अशी की मुदत सांगायची सक्ती आहे, किती असावी याची नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा, जो १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला आणि ज्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, ही उणीव बरीच भरून काढतो. उत्पादन त्याहून कमी काळ वापरलं जाणार असल्याचं दाखवता आलं नाही, तर किमान पाच वर्षं सपोर्ट द्यावाच लागेल. राउटरसाठी पाच वर्षंही मला कमी वाटतात. चांगला चालणारा राउटर लोक त्याहून कितीतरी जास्त काळ ठेवतात, आणि चालतं यंत्र फेकायला लावणं हेही बरं नव्हे.

या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप किमतीचा आहे. दहा वर्षं अपडेट द्यायचे तर माणसं पोसावी लागतील, आणि तो खर्च गिऱ्हाइकाकडूनच वसूल होईल. मग ज्याला सगळ्यांत स्वस्त राउटर परवडतो त्यानं काय करायचं? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण तो खर्च आजही कुणीतरी सोसतंच आहे: खातं रिकामं झालेला माणूस, तासन्‌तास बंद पडलेलं संकेतस्थळ, करदात्यांच्या पैशातून चालणारी तपासयंत्रणा. आणि ज्यांच्या हातात कमी पैसा आहे त्यांच्याच घरात सर्वांत जुने, कुणीतरी वापरून दिलेले राउटर असतात. तारीख छापलेली नसल्याचा सर्वाधिक तोटा त्यांनाच होतो. दोन वर्षं उरलेला राउटर आणि आठ वर्षं उरलेला राउटर शेजारी ठेवले, तर स्वस्त कोणता हे कमी पैशात घर चालवणाऱ्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळतं. त्याला फक्त तो आकडा दिसू दे.

दुसरा आक्षेप आपोआप होणाऱ्या अपडेटवर. बाहेरून फर्मवेअर बदलता येतं म्हणजे आणखी एक दार उघडलं, असं सुरक्षेची जाण असलेले लोकच म्हणतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले, ते ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर झालेल्या माऱ्यानं. हे पोर्ट इंटरनेट कंपनीला राउटर दुरून हाताळता यावा म्हणून होतं. ते फक्त कंपनीच्या सर्व्हरला उत्तर देणारं असायला हवं होतं. ते साऱ्या जगाला उत्तर देत होतं. मात्र ते राउटर सावरले तेही कंपनीनं तातडीनं काढलेल्या नव्या फर्मवेअरमुळे. म्हणून दार नकोच, असं मी म्हणणार नाही. राउटरनं स्वतःहून, ठरलेल्या सर्व्हरकडे, उत्पादकाची सही तपासून अपडेट घ्यावं, बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय असावी, आणि ज्याला हे नको त्याला बंद करता यावं. मोबाइलमध्ये हे सगळं रुळलेलं आहे.

वापरणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही, असं माझं म्हणणं नाही. पासवर्ड बदलायला हवा, नको त्या सोयी बंद करायला हव्यात. पण तेवढ्यानं सुटेल असा हा प्रश्न नाही, हे वरच्या प्रत्येक उदाहरणातून दिसतं.

मुदत संपल्यावर काय, याकडे फारच थोड्यांचं लक्ष जातं. माझ्या मते उत्पादकापुढे दोनच वाटा ठेवाव्यात: जुना परत घेऊन नवा सवलतीत द्यायचा, किंवा यंत्र खुलं करायचं. खुलं करायचं म्हणजे दुसऱ्याचं फर्मवेअर चढवण्यावरची कुलुपं काढायची आणि त्यासाठी लागणारी माहिती जाहीर करायची. हे स्वप्नरंजन नाही. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेला होता, आणि लिनक्सच्या परवान्याच्या अटींमुळे कंपनीला २००३ मध्ये त्याचा कोड जाहीर करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांसाठीचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. उत्पादकांनी कधीच सोडून दिलेल्या कितीतरी राउटरांना आजही त्यातून नव्या दुरुस्त्या मिळतात. वाय-फाय रेडिओ लहरींवर चालतं म्हणून रेडिओच्या नियमांचं कारण पुढे करून ही वाट बंद करता येत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाशी झालेल्या तडजोडीत टीपी-लिंकनं बाहेरच्या फर्मवेअरला वाव देण्याच्या दिशेनं काम करण्याचं मान्य केलं होतं. घरातला सामान्य माणूस स्वतः हे करणार नाही, हे उघड आहे. पण जोडणी देणाऱ्या छोट्या कंपन्या, शाळा, ग्रंथालयं, दुरुस्तीवाले करू शकतील.

राहता राहिल्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या. असंख्य घरांत राउटर त्यांनीच आणून बसवलेला असतो, आणि त्याच्या नियंत्रण पानाचा पूर्ण ताबा अनेकदा ग्राहकाकडे नसतोच. त्याला ‘अपडेट करा’ म्हणणं निरर्थक आहे. करायचं तर कंपनीलाच करावं लागतं. आपण दिलेलं कोणतं मॉडेल, कोणत्या फर्मवेअरसह, कोणत्या घरात चालू आहे, हे तिला ठाऊक असतं, कारण दुरून हाताळण्याची सोय तिच्याकडे असते. दुसरीकडे, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींची सूची अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा २०२१ पासून सर्वांसाठी खुली ठेवते. तिच्यात घरगुती राउटरांची कितीतरी मॉडेलं आहेत आणि सपोर्ट संपलेल्यांपुढे ‘वापर थांबवा’ अशी सूचनाही असते. कंपनीनं आपल्याकडची नोंद आणि ही सूची शेजारी ठेवली की कोणत्या घरातला राउटर सर्वांत आधी बदलायला हवा ते त्याच दिवशी कळतं. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही, आणि ते बदलण्याचा भुर्दंड ग्राहकावर टाकायचंही कारण नाही.